एका वेळी एकच वाचक

‘हे प्रकरण सध्या दुसरा वाचक वाचत आहे. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा.’

संध्याने पुन्हा क्लिक केलं. पुन्हा तेच! थोड्या वेळाने म्हणजे नक्की कधी? दुपार गेली, चहाची वेळ गेली, आणि पेपर उद्या सकाळी.

“दीदी, माऊस पे गुस्सा मत निकालो,” गल्ल्यावरून मुकेशशेठ ओरडला. “आणि ऐका, सात वाजता लाइट जाणार. बॅटरी पे सिर्फ मेरा पंखा चलता है!”

कॅम्प तीन या वस्तीतलं त्याचं सायबर कॅफे म्हणजे प्लायवूडच्या फळ्या ठोकून केलेली खुराड्यांची रांग. खालच्या मजल्यावर जीन्सचा कारखाना. तिथल्या शिलाई मशिनी सुरू असल्या की वरची फरशी थरथरायची.

झालं होतं असं, की समाजशास्त्राच्या पेपरला निर्वासितांच्या वसाहतींवर एक प्रकरण होतं. ते पुस्तक बाजारात कुठेच मिळत नव्हतं. कॉलेजच्या लायब्ररीत एकच प्रत, तीही पानं सुटलेली. म्हणून यंदा लायब्ररीने त्या प्रकरणाची पानं स्कॅन करून कॉम्प्युटरवर चढवली. पासवर्ड टाका आणि कुठूनही वाचा. पोरं नाचलीच! पण लायब्ररीच्या शीला मॅडम कसल्या ऐकतात? “पुस्तक एक, तर एका वेळी वाचणारा पण एकच,” त्या म्हणाल्या. “काउंटरवर जो नियम, तोच इथे.” प्रिंटही निघणार नव्हती. आतला बाहेर पडेपर्यंत बाकीच्यांनी दारात ताटकळायचं.

संध्या गेल्या वर्षी याच पेपरात उडाली होती. आणि काका गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. “या खेपेला उडालीस तर कॉलेज बंद. माझ्यासोबत धागे कापायला बसायचं.” काका ज्या कारखान्यात कामाला होता, तो हाच. पायाखालचा.

क्लिक. दुसरा वाचक वाचत आहे.

कोण आहे हा दुसरा वाचक? संध्याच्या डोळ्यांसमोर तो आलासुद्धा. घरी स्वतःचा कॉम्प्युटर, समोर थंडगार सरबत, पाय टेबलावर. वाचून झालं तरी मुद्दाम उघडं ठेवून बसला असेल, मेला!

सगळ्या खुराड्यांतून माऊसची टकटक येत होती. फक्त डावीकडचं खुराडं अगदी गप्प होतं. मघापासून तिथे एकदाही क्लिक झालं नव्हतं. संध्याला कसली तरी शंका आली. ती स्टुलावर चढली आणि तिने फळीवरून खाली डोकावलं.

पडद्यावर तेच प्रकरण! पहिलं पान. आणि समोर कंपनीचा निळा कोट घातलेल्या एक काकू, दोन्ही हात मांडीवर ठेवून, देवळात बसल्यासारख्या.

संध्या उडी मारून खाली उतरली आणि फळीला वळसा घालून त्यांच्यासमोर उभी राहिली.

“ओ काकू! किती वेळ पहिल्याच पानावर? बंद करा ना आता! लोकांची उद्या परीक्षा आहे!”

“माजी बी हाय,” काकू म्हणाल्या.

“तुमची?” संध्याने त्यांच्या निळ्या कोटाकडे बघत विचारलं.

त्या बनूबाई. मोरिवलीला राहायच्या, तिथल्याच कंपनीत पॅकिंगला होत्या. लेकीचं लग्न उरकल्यावर त्यांनी संध्याच्याच कॉलेजात बाहेरून परीक्षेला नाव घातलं होतं. कामावरून थेट इकडे आल्या, पासवर्ड टाकला, आणि प्रकरण पहिल्याच फटक्यात उघडलं.

“पन चष्मा कंपनीत ऱ्हायला ग,” त्या म्हणाल्या. “ह्या मुंग्या मना दिसत नाय. चष्मा आनाया गेली तर हे दुसरा कोन घेईल. म्हनून बसलेय. हात बी लावला नाय.”

संध्याने पडद्याकडे पाहिलं. वरच्या कोपऱ्यात लाल फुली होती. तिच्यावर एक क्लिक, पळत आपल्या खुराड्यात, आणि प्रकरण आपलं! काकूंना सांगायचं, आपोआप बंद झालं. तिचा हात माऊसवर गेलाही.

“तुला येतंय ना ह्यातलं?” बनूबाईंनी विचारलं. त्या स्टुलावर सरकल्या आणि अर्धी जागा मोकळी केली. “मग बस की. तू वाच, मी ऐकते.”

फुलीजवळ आलेला बाण थांबला. संध्याने तो खाली आणला, अक्षरं मोठी केली आणि बसली.

ती हळू आवाजात वाचायला लागली.

“मोठ्यान वाच ग पोरी. मशीनीपायी कान गेलंत माजं.”

“शेठ ओरडेल, काकू.”

“वरडू दे. त्याची कंची परीक्षा हाय?”

संध्याला हसू फुटलं. तिने घसा साफ केला आणि शाळेत धडा वाचतात तशी खणखणीत सुरुवात केली. “‘बराकीत एका कुटुंबाच्या आणि दुसऱ्या कुटुंबाच्या मध्ये फक्त गोणपाटाचा पडदा असे. त्यामुळे इकडचं बोलणं तिकडे ऐकू जाई...’”

परिच्छेद संपला. दुसरा सुरू झाला. बनूबाई डोळे मिटून मान डोलवत होत्या. संध्याचं घड्याळाकडे लक्ष होतं, त्यामुळे तिची गाडी भरधाव सुटली. कॅफेतली टकटक एकेक करत कधी थांबली, ते तिच्या ध्यानातही आलं नाही. तिने पान उलटलं.

इतक्यात फळीपलीकडून कोणीतरी काकुळतीने म्हणालं,

“ताई, जरा हळू ना! आम्ही सगळे लिहून घेतोय.”