सहा कड्या

नांदेडबाहेरच्या मातीच्या ट्रॅकवर कहकशांनं कॉलेजची रेसगाडी सुसाट सोडली, तसा कडेला उभ्या बापाचा, रियाज मिस्त्रीचा, जीव टांगणीला लागला. वळणावर गाडीचं मागचं अंग फार उचललं की ती पलटी मारते, हे जीपा दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या माणसाला कोण सांगणार? म्हणून लेक लातूरला क्लासबाहेर जिनं सायकल बांधायची, ती जाड साखळी त्यानं मागच्या चाकांच्या ॲक्सलपासून चेसीला, गाडीच्या सांगाड्याला, बांधली होती. सांगाड्याची चाकांवरून उचल आता सहा कड्यांपुरतीच. "अब्बा, गाडीला बेडी घालून राहिले तुम्ही," म्हणून ती फुगली होती. शेवटच्या वळणावर मागचं अंग उचललंच. रियाजनं डोळे मिटले. साखळी खण्णकन् वाजली. डोळे उघडले, तर गाडी चारी चाकांवर धुरळा उडवत पुढं. उतरल्यावर कहकशांनं साखळी चाचपली. "राहू द्या, अब्बा. पण दोन कड्या ढिल्या करा." "एकच," रियाज हसला.