सरावातला लाल दिवा

"गुंतवणूकदार पहिल्यांदा हेच विचारतात," त्यांचे सल्लागार दाभाडकर सर म्हणाले. "पुढची पाच वर्षं तुम्ही दोघं कंपनी सोडणार नाही ना?"

केतकी आणि निहाल, कंपनीचे दोघे मालक, परवाच्या बैठकीचा सराव करत होते. दोघांच्या मनगटावर कंपनीनेच बनवलेली पट्टी होती. माणूस खोटं बोलला की पट्टीवरचा हिरवा दिवा लाल व्हायचा.

"नाही सोडणार," केतकी म्हणाली. दिवा हिरवाच राहिला.

"मीही नाही," निहाल म्हणाला. त्याचा दिवा लाल झाला.

"बिघाड असेल काहीतरी," तो पुटपुटला. दिवा लालच होता. भोसरीच्या या गाळ्यात तीन वर्षं राबून दोघांनी पट्टीतले सगळे बिघाड काढले होते.

"कुठे चाललायस?" केतकीने विचारलं.

"बंगळुरूला. पैसे आले की सांगणार होतो."

दिवा हिरवा झाला.

सर तर हरखूनच गेले. "अहो, काय अफलातून चालते ही पट्टी! निहाल गेला तरी पैसे मिळतील. केतकी, तू एकटी सांभाळशील ना?"

"सांभाळीन की," केतकी म्हणाली, आणि दिव्याचा रंग कुणाला दिसायच्या आत तिने पट्टीवर दुसरा हात ठेवला.