घोषणांखालची हाक

दारावरची पाटी ऋतुजाने स्वतः लिहिली होती : ‘तालीम चालू आहे. दार लावून घ्यावे. स्वतःच्या घरी घेता तसे.’ सदाशिव पेठेतल्या त्या तळघराचं दार जरा किलकिलं राहिलं, तरी तिचं डोकं फिरायचं. नाटकच तसलं होतं तिचं. नट नाहीत, नेपथ्य नाही. प्रेक्षकांनी अंधारात बसून वाघोलीकडच्या जमीन-मोर्चाचा नुसता आवाज ऐकायचा. आवाजाचं सगळं काम बुद्धभूषणचं.

आज दुपारी सोजरबाई ऐकायला आल्या होत्या. मोर्चात सगळ्यात पुढे त्याच होत्या. त्यांचा मुलगा संतोष त्या दिवसापासून घरी आलेला नाही, आणि सरकारी कागद म्हणतो, तो मोर्चात नव्हताच.

बुद्धभूषणने घोषणा लावल्या. मोबाइलवर कुणीतरी टिपलेल्या, पण त्याने इतक्या स्वच्छ केल्या होत्या की अंगावर काटा यावा. सोजरबाईंनी स्वतःचा आवाज ओळखला.

“माझं पोरगं कुठं हाय ह्यात?”

“मावशी, ह्यात फक्त घोषणा ठेवल्यात. बाकीचा गोंगाट काढून टाकला.”

“काढल्याला कुठं टाकला?”

बुद्धभूषणने वगळलेल्या आवाजाची वेगळी फाइल उघडली. काढलेला गोंगाट त्याने कधी ऐकलाच नव्हता. कोण ऐकतं? त्याने तो लावला.

वारा. चपलांची फरफट. कुणाचा तरी खोकला. घोषणा होत्या तिथे नुसते खड्डे. आणि तसल्याच एका खड्ड्यात, मागून, तरुण आवाज : “आये, येतो गं!”

“आगं बया!” सोजरबाईंचा हात तोंडावर गेला. “मागनं हाक मारली हुती त्यानं. आन् मी म्होरं वरडत हुते. मला ऐकूच न्हाई आलं गं!” त्या हमसून हमसून रडायला लागल्या. टोमणा मारल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या ऋतुजाने पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली.

“होता मावशी, तो तिथं होता,” बुद्धभूषण म्हणाला. “आता कोण नाही म्हणतंय बघू. परत लावू?”

वारा. चपला. खोकला. “आये, येतो गं!”

“ये रं बाळा,” सोजरबाई म्हणाल्या. घरातून निघालेल्याला म्हणतात तसं, सहज.

स्पीकरमधून उत्तर आलं : “बरं.”

बुद्धभूषणने मागे नेऊन पुन्हा लावलं. हाकेपर्यंत सगळं तेच. पुढे नुसता वारा. तिसऱ्यांदा लावलं, चौथ्यांदा लावलं. वाराच.

“मगाशी ‘बरं’ आलं ना? ऋतुजा, तू ऐकलंस ना?”

“ऐकलं,” ऋतुजा म्हणाली.

सोजरबाई पदराने डोळे पुसत उठल्या. दाराशी गेल्या आणि दार सताड उघडलं. रस्त्यावरचे हॉर्न जिन्यावरून धडाधड खाली आले.

“अहो मावशी, दार...” बुद्धभूषण म्हणाला.

“त्याला ये म्हणलंय न्हवं म्या? आता दार लावून कसं चालंल?”

ऋतुजा उठली. तिने आधी पाटी काढली. मग एक खुर्ची ओढत नेऊन दाराला लावली, ते आपोआप बंद होऊ नये म्हणून.