साखरेच्या गोळ्या

उद्यापासून खऱ्या वॉर्डात जायचं, म्हणून फार्मसीच्या मुलांची आज रंगीत तालीम होती. मॅडम पेशंट होऊन कण्हत बसल्या. एका मुलीने सरावाची बाटली पुढे केली. बाटली तिच्या आईच्या फिटच्या गोळ्यांची, जुनी. आत साखरेच्या गोळ्या तिनेच गेल्या आठवड्यात घरी बसून भरलेल्या.

“मावशी, रोज सकाळी एक. बरं वाटलं तरी बंद करायची नाही. चुकवलीत, तर फिट परत येऊ शकते.”

“आणि मी घरी एकटीच असते गं पोरी.”

“मग गॅसपाशी अजिबात जायचं नाही.”

“शाब्बास! उद्या वॉर्ड गाजवशील तू.” पेशंटचं सोंग संपवून मॅडमनी नेहमीसारखी सरावातली एक गोळी खाऊ म्हणून तोंडात टाकली आणि लगेच रुमालात थुंकली. “शी! ही तर कडूजहर आहे!”

सगळा वर्ग खो खो हसला.

मुलगी घरी फोन लावत होती. रिंग नुसती वाजत राहिली. सकाळी गॅसपाशी उभी राहून आई म्हणाली होती, “या वेळच्या गोळ्या बऱ्या आहेत गं, जरासुद्धा कडू लागत नाहीत.”