पाहुणीची बाटली

लहान मुलांच्या पोटात रोज किती साखर जाते ते मोजायला म्वानाइदी आरोग्य केंद्रातर्फे टांझानियातल्या मोरोगोरो शहराच्या एका वस्तीत रोज दुपारी घरोघर फिरायची. चिमुकल्या सिवेमाच्या घरी तिनं पाय ठेवला रे ठेवला, की सिवेमाची आई गारेगार कोल्ड्रिंकची बाटली उघडून तिच्या पुढ्यात ठेवायची. नको म्हणावं तर घरच्यांचा अपमान, सगळी संपवावी तर पाहुणी हावरट. त्यातून म्वानाइदी पडली साखरेची वैरीण. मानापुरते दोन घोट घेऊन ती बाटली बाजूला सारायची आणि कामाला लागायची.

"काल पोरीनं गोड काय खाल्लं-प्यायलं?"

"खाल्लं काही नाही. कोल्ड्रिंक प्यायली, जवळजवळ बाटलीभर."

रोज तेच उत्तर ऐकून शेवटी म्वानाइदीचा पारा चढला.

"अहो, चार वर्षांची पोर ती! दात किडून हातात येतील तिचे. रोज कशाला आणता बाटली?"

"आम्ही कुठली आणतोय, ताई? आमच्याकडं बाटली येते ती पाहुण्यांसाठी. त्यांनी शिल्लक ठेवलेली तेवढी पोरीला मिळते."

"आणि रोज उठून कोण टपकतंय हो एवढं तुमच्याकडं?"

सिवेमाच्या आईनं आजची बाटली उघडून तिच्या पुढ्यात ठेवली.



"तुम्हीच की! पोरीच्या दातांची एवढी काळजी असेल, तर आज सगळी संपवूनच उठा."