चूक न विचारणारं न्यायालय

"दोन्हीकडे दावा लावता येणार नाही," वकील शिल्पाताई म्हणाल्या. "एकच रस्ता धरा, कुंदनभाऊ."

धुळ्याच्या कोर्टासमोरच्या त्यांच्या खोलीत कुंदन आणि त्याची बायको रूपा बाकावर बसले होते. दोंडाईच्याला जीवरामशेठच्या मिरची दळायच्या कारखान्यात कुंदनच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. वीज नव्हती, म्हणून तो यंत्राचा उतरलेला पट्टा चढवत होता. वीज अचानक आली आणि यंत्र फिरलं. बटण बंद असायला हवं होतं. कोणीतरी ते दाबलं होतं.

"कामगार न्यायालयात चूक कोणाची, हे बघत नाहीत," ताई सांगू लागल्या. "कामावर असताना, कामामुळे लागलं, एवढं पुरतं. पगार, वय आणि हात किती निकामी झाला, यावरून रक्कम ठरते. दिवाणी कोर्टात सोसलेल्या वेदनेचंही मागता येतं, त्यामुळे जास्त मिळू शकतं. पण तिथं शेठचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागेल."

"मग दिवाणीच," रूपा म्हणाली.

"कामगार न्यायालय," कुंदन म्हणाला.

"बघा ताई! शेठनं दवाखान्यात चार सफरचंदं काय आणली, हे लगेच विरघळले."

ताईंना हसू आलं. "वहिनी, तुम्ही होतात का तिथं?"

"समोरच होते. भाकर घेऊन गेलेली. आत उकाड्यानं नुसती भट्टी. म्हटलं, आधी जेवून घ्या. तर म्हणे, पट्टा चढवतो न येतो."

"मग दिवाणीत पहिली साक्ष तुमचीच. समोरचा वकील खोदून खोदून विचारेल. कोण कुठं उभं होतं, कोणी कशाला हात लावला."

"विचारू द्या!" रागात रूपा अहिराणीवर आली. "चूक कोननी शे, ते बठ्ठासले, सगळ्यांना समजू द्या! ज्यानं बटण दाबलं, त्याचे हात झडतील."

"असं बोलू नको," कुंदन म्हणाला.

"का? तुमचा कोण लागतो तो?"

ताईंनी रूपाला आधारकार्डाची झेरॉक्स आणायला खाली पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"शेठनं दम दिलाय का?"

"नाही."

"मग जास्तीच्या पैशावर पाणी का सोडताय? घरी दोन लेकरं आहेत. बटण कोणी दाबलं, ते तुम्हाला माहीत आहे, भाऊ. कोणाला वाचवताय?"

कुंदननं दाराकडे पाहिलं.

"वीज आली की कळावं म्हणून आमच्याकडे पंख्याचं बटण दाबूनच ठेवतात, ताई. रूपानंही तेच केलं. ते बटण पंख्याचं नव्हतं, हे दवाखान्यात माझ्या लक्षात आलं. तिच्या अजून आलेलं नाही."