अतिशयोक्तीचं उदाहरण

बहात्तरच्या दुष्काळात गावानं टँकर अजून पाहिलाच नव्हता. बसलिंग गुरुजींना नोकरीत कायम करायचा कागद घेऊन संस्थेचे चेअरमन आठवीच्या वर्गात येऊन बसले होते. "शिकवणं बघतो, मग सही."

"सांगा पोरांनो, अतिशयोक्तीचं उदाहरण," गुरुजी म्हणाले.

मुक्ता ताडकन उठली. "गुर्जी, चेअरमनसायेब दिवाळीत म्हणले, 'टँकर आणून गावाला न्हाऊ घालतो!'"

चेअरमननी उघडलेल्या पेनाला टोपण लावलं. "काय गुरुजी, बरोबर हाय का उत्तर?"

गुरुजींनी त्या मिटलेल्या पेनाकडं पाहिलं. सगळी पोरं त्यांच्याकडंच बघत होती.

"साफ चूक," ते कसंबसं म्हणाले.

मुक्ताचा चेहरा पडला. चेअरमन हसले आणि त्यांनी सही ठोकली.

कागदाची घडी खिशात घालून गुरुजी त्यांच्यादेखतच मुक्ताकडं वळले.



"बाळ, अतिशयोक्तीत थोडं तरी खरं असावं लागतं."